मस्टँग जीटी, कॅमॅरो एसएस की चॅलेंजर स्कॅट पॅक: खरंच पळते कोण?

नोव्हीचा_नंदू (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मिशिगनमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ मिनीव्हॅनमध्ये गेली. थोरला आता सोळाचा झालाय. त्याच्या हातात लायसन्स आलं की मिनीव्हॅन त्याची. मग माझं काय, यावर घरात बोलणं निघालं तेव्हा बायको म्हणाली, "घे आता तुझी ती व्ही-८, आठ सिलिंडरवाली. किती वर्षं नुसता बघत बसणार आहेस?" बजेट सदतीस हजार डॉलर, म्हणजे गाडी सेकंडहँड.

हे वेड वूडवर्ड ॲव्हेन्यूने लावलं. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या या रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी गाड्यांची मिरवणूक असते, १९९५ पासून. आम्ही रॉयल ओकला फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतो. या वर्षी समोरच्या सिग्नलला फोर्डची मस्टँग, जनरल मोटर्सची (शेवरोले) कॅमॅरो आणि डॉजची चॅलेंजर अशा तिन्ही गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. मी खुर्चीच्या ॲल्युमिनियमच्या नळीला धरून बसलो होतो. चॅलेंजर नुसती जागेवर घुमत होती, पण तिची थरथर त्या नळीतून माझ्या तळहातात उतरत होती. सिग्नल सुटला, तिघी सावकाश पुढे गेल्या, शर्यत वगैरे काही झाली नाही. पण माझं ठरलं.

आता प्रश्न. माझ्या बजेटमध्ये तिघी बसतात. २०१८ नंतरची मस्टँग जीटी, ५ लिटरचं कोयोटी इंजिन, ४६० एचपी (अश्वशक्ती). सहाव्या पिढीची कॅमॅरो एसएस, ६.२ लिटरचं एलटी-१, ४५५ एचपी. आणि चॅलेंजर स्कॅट पॅक, ६.४ लिटरची हेमी, ४८५ एचपी. कागदावर चॅलेंजर पुढे. पण पाव मैलाच्या जितक्या चाचण्या वाचल्या, त्यांत तीच मागे. असं का? आणि या तिघींत खरी वेगवान कुठली म्हणायची?

दिसण्यावर मत नको, तिघी सुंदर आहेत. पळण्यावर बोला.

भटक्या_विमुक्त

मी खुर्ची आणि पॉपकॉर्न घेऊन बसलोय. या विषयावर मित्रांच्या मैत्र्या तुटलेल्या पाहिल्यात.

हेमीप्रेमी

नंदूभाऊ, मी ब्रॅम्प्टनला राहतो, ओंटारिओत. चॅलेंजर इथेच बनायची. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक या ना त्या नात्याने त्या कारखान्याशी जोडलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली त्या आठवड्यात इथल्या कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो.

स्कॅट पॅक घे, डोळे मिटून घे. ६४४ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर आहे. हायवेवर ओव्हरटेक करताना गाडी विचारत नाही, जाते. जमलं तर आणखी दोन वर्षं थांबून पैसे साठव आणि चॅलेंजरचीच थोरली बहीण हेलकॅट घे, सुपरचार्जरवाली (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). २०१५ साली ती ७०७ एचपी घेऊन आली तेव्हा या दोन्ही स्पर्धकांकडे तिच्या जवळपास जाणारं काही नव्हतं. तिला दोन किल्ल्या येतात. काळ्या किल्लीने ५०० एचपीच मिळते, लाल किल्लीने सगळी. असा विचार दुसऱ्या कुणाला सुचला होता का?

क्वार्टरमैल_कुमार

नंदू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: वजन. मस्टँग जीटी आणि कॅमॅरो एसएस दोन्ही १,७०० किलोच्या आसपास आहेत. स्कॅट पॅक १,९०० च्या पुढे. म्हणजे चॅलेंजर सुटते तेव्हा तिच्यात तीन धडधाकट माणसं जास्त बसलेली असतात. एचपीला टनांनी भागून बघ, पहिल्या दोघी २७० च्या आसपास येतात, चॅलेंजर २५० च्या. पंचवीस-तीस एचपी जास्त असून उपयोग नाही, ते सगळं तिघा पाहुण्यांना उचलण्यात जातं.

पण खरी गोष्ट यापुढे सुरू होते. मी बारा वर्षं ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर जातोय, आणि लोक एकच आकडा बघतात म्हणून जीव तुटतो. धाव संपल्यावर हातात जी चिठ्ठी मिळते तिच्यावर बरेच आकडे असतात. त्यातले तीन बघायचे. पहिल्या ६० फुटांचा वेळ, पूर्ण पाव मैलाचा वेळ, आणि टोकाला पोहोचतानाचा वेग. टोकाचा वेग सांगतो इंजिनात दम किती. ६० फुटांचा वेळ सांगतो तो दम रस्त्यापर्यंत पोचला किती. सुरुवातीला एक दशांश सेकंद घालवला की शेवटाला दीड-दोन दशांश जातात, कारण तो तोटा शेवटपर्यंत गाडीबरोबर चालत राहतो.

आणि सुरुवात ठरते टायरवर. हेमीप्रेमींनी हेलकॅट काढलीच आहे तर तिचंच उदाहरण घ्या. कंपनीच्या टायरवर पाव मैल ११.२ सेकंद. तीच गाडी, तेच इंजिन, फक्त ड्रॅगसाठीचे टायर घातले की १०.८. टोकाचा वेग मात्र पहिल्या वेळी १२५ आणि दुसऱ्या वेळी १२६ मैल. इंजिनाने दोन्ही वेळा जवळपास तेवढंच काम केलं, मधला सगळा फरक रबराचा.

आणखी एक. शून्य ते ताशी साठ मैल गाठण्याचे जे आकडे अमेरिकी मासिकांत येतात, त्यांत बहुतेक वेळा पहिला एक फूट मोजलेला नसतो. ड्रॅग स्ट्रिपवर घड्याळ गाडी किरण सोडते तेव्हा सुरू होतं, तीच पद्धत त्यांनी उचलली. त्या एका फुटात दोन-तीन दशांश सेकंद जातात. म्हणून घरी मोबाईलवर मोजून "माझी गाडी हळू आहे" असं रडायचं नाही.

मी_चिंगी

कुमारदादा, किरण सोडते म्हणजे? हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही का घड्याळ?

क्वार्टरमैल_कुमार

चिंगी, चांगला प्रश्न. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत प्रकाशाचा किरण असतो, पुढचं चाक त्यात उभं करायचं. मग खांबावरचे तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि नंतर हिरवा. तू हिरवा बघून दोन सेकंद झोपलीस तरी तुझ्या धावेचा वेळ बिघडत नाही, कारण चाक किरणातून बाहेर पडल्यावरच घड्याळ चालू होतं. शर्यत मात्र हरशील, कारण शेजारचा निघून गेलेला असेल. वेळ गाडीचा असतो, जिंकणं माणसाचं. नवीन माणसाला हे कळलं की त्याची भीती निम्मी होते.

विद्युतवेगी

एवढी सगळी चर्चा पेट्रोल जाळून बारा सेकंदांत पाव मैल जाण्याची? टेस्लाची विजेवरची मॉडेल ३ परफॉर्मन्स साधारण तीन सेकंदांत साठ गाठते, मागे दोन मुलं आणि डिकीत किराणा घेऊन. आकडेच बघायचे असतील तर आकडे बघा.

हेमीप्रेमी

विद्युतवेगी, आकड्यांत तुम्ही बरोबर आहात, वाद नाही. डॉजने स्वतःच विजेवरची चार्जर डेटोना काढली, ६७० एचपीची. पण ती २,६०० किलोच्या वर गेली, आणि तिला आवाज यावा म्हणून वेगळी यंत्रणा बसवावी लागली. लोकांनी तक्रार केली ती वेगाची नव्हती. नंदूच्या तळहाताला खुर्चीच्या नळीतून जे जाणवलं ना, लोक ते शोधत होते.

विद्युतवेगी

तेही खरंच आहे म्हणा. माझे वडील बुलेटच्या आवाजावरून शेजारच्या गल्लीतला माणूस ओळखायचे. मी वाचत राहतो.

डेन्व्हरचा_दत्ता

कुमारशी सहमत, पण हवा विसरू नका. मी समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर राहतो. साध्या, बिनसुपरचार्जरच्या इंजिनाची दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते. माझी स्कॅट पॅक इथे ४८५ ची राहत नाही, हिशेबाने चारशेच्या थोडी वर उरते. मिशिगनच्या आकड्यांवरून मला कुणी हिणवायला लागलं की मी त्याला वर यायचं आमंत्रण देतो.

वूडवर्डचे_काका

नंदू, तू ज्या रस्त्याच्या कडेला बसला होतास त्या रस्त्यावर मी १९७४ च्या सप्टेंबरपासून गाडी चालवतोय. व्हीजेटीआयमधून निघून वेन स्टेटला आलो तेव्हा तेलबंदी नुकतीच उठली होती आणि देशभर ५५ मैलांची मर्यादा लागू झाली होती. त्या दोन-तीन वर्षांत या मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना कुणी विचारत नव्हतं. विमा परवडत नव्हता, पेट्रोल परवडत नव्हतं. माझ्या खोलीतल्या ओहायोच्या मित्राने १९७० ची शेवरोले शेव्हेल एसएस ४५४ घेतली, ती माझ्या एका सत्राच्या फीपेक्षा स्वस्त पडली. सगळ्यात तगडी एलएस-६ नव्हे, तिच्या खालची. पण तरी ७.४ लिटर!

तिच्या बॉनेटच्या मागच्या कडेला, अगदी काचेसमोर, एक झडप होती. पूर्ण पाय दिला की ती उघडायची आणि इंजिन तिथून थंड हवा ओढायचं. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर ती झडप उघडताना दिसायची आणि तसा आवाज मी पुढे कुठल्याच गाडीत ऐकला नाही, जणू कुणी मोठा श्वास आत घेतला. मागची चाकं मात्र तिथल्या तिथे फिरत राहायची. त्या काळचे टायर अरुंद आणि आडव्या-तिरप्या धाग्यांचे, आजचे रेडियल नव्हेत. गाडी सरळ रेषेत धरून ठेवणं हेच काम. थांबवणं त्याहून कठीण, मागे ड्रम ब्रेक होते आणि दुसऱ्यांदा जोरात दाबले की जळका वास यायचा.

म्हणून तुम्ही मुलं बारा सेकंदांवर भांडता तेव्हा मला मनापासून नवल वाटतं. त्या काळी वूडवर्डवर तेरा-चौदाची गाडी असलेला माणूस राजा होता.

सांख्यिकी_सदाशिव

काका, फार सुंदर लिहिलंत. आणखी लिहा.

एक शंका. एलएस-६ शेव्हेल ४५० एचपीची होती असं वाचलंय. नंदूची कॅमॅरो ४५५ ची. मग दोघी सारख्या पळायला हव्यात. नुसत्या टायरमुळे एवढा फरक?

क्वार्टरमैल_कुमार

सदाशिवराव, तेव्हाची एचपी आणि आजची एचपी ही दोन वेगळी मापं आहेत. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन स्टँडवर ठेवून मोजायच्या. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून गाडीत बसवल्यासारखं, सगळा संसार लावून मोजायला लागले. त्यामुळे काय झालं बघा: काकांच्या मित्राच्या गाडीच्या जातीचं ४५४ इंजिन शेवरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीत १९७१ साली ३६५ म्हणून विकलं गेलं, आणि १९७२ च्या माहितीपत्रकात तेच २७० झालं. इंजिन जवळपास तेच. लोकांना वाटलं कंपनीने गळा घोटला. गळा घोटला होताच, १९७१ पासून शिशाविना पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं होतं. पण त्या पडझडीतला मोठा भाग नुसता मापाचा.

याच्या उलटही व्हायचं. १९६७ ची कॅमॅरो झेड/२८ कागदावर २९० एचपी. ३०२ घनइंचाचं ते इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ५ लिटरच्या नियमात बसवायला बनवलेलं, ते याहून बरंच जास्त द्यायचं. विमा कंपन्यांचा डोळा चुकवायला आकडे कमी लिहायची तेव्हा पद्धत होती. म्हणून जुन्या आकड्यांवर काही मांडायचं तर टोकाचा वेग आणि वजन बघा, माहितीपत्रक बघू नका.

नागपुरी_संत्रा

म्हणजे ऑफिसातली व्ही-६ कॅमरी आणि काकांची शेव्हेल वूडवर्डवर एकत्र सोडली तर?

क्वार्टरमैल_कुमार

३०१ एचपीची कॅमरी शेव्हेलला घाम फोडेल. हे मी आनंदाने लिहीत नाहीये.

वूडवर्डचे_काका

फोडू दे. कॅमरीच्या बॉनेटला झडप नाही.

शब्दप्रामाण्य

एक दुरुस्ती, कारण धाग्याच्या मुळाशी आहे. नंदू ज्या तीन गाड्यांबद्दल विचारतोय त्या मूळच्या 'मसल' गटातल्या नव्हेत. मसल म्हणजे मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ हे त्याचं ठळक उदाहरण. जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरियनच्या चमूने ३८९ चं इंजिन 'पर्यायी पॅकेज' म्हणून घातलं आणि नियमाला बगल दिली. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली ती लहान, देखणी, तरुणांना परवडणारी म्हणून. तिच्यावरून त्या गटाला 'पोनी' नाव पडलं. कॅमॅरो १९६७ ची आणि चॅलेंजर १९७० ची, दोघी तिला उत्तर म्हणून आल्या.

हे सांगायचं कारण, आजचा फरकही त्यातूनच आलाय. २००८ ची नवी चॅलेंजर मोठ्या चार दारी गाडीच्या सांगाड्यावर बांधली, म्हणून ती जड. ती खऱ्या अर्थाने जुन्या मसलच्या जवळ आहे.

हेमीप्रेमी

शब्दप्रामाण्य, शेवटचं वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावतो.

रेवती_टेक्सास

इतके प्रतिसाद झाले आणि कुणी वळण हा शब्द काढला नाही! पाव मैल सरळ जाणं म्हणजेच पळणं का?

माझ्याकडे २०१८ ची कॅमॅरो एसएस १एलई (ट्रॅकसाठीचं पॅकेज) आहे, सहा गिअर, मॅन्युअल. महिन्यातून एकदा फोर्टवर्थजवळच्या क्रेसनच्या ट्रॅकवर नेते. कॅमॅरोचा सांगाडा कॅडिलॅक एटीएसचा, म्हणजे मुळात जर्मन सेडानशी टक्कर द्यायला केलेला. ते पहिल्याच वळणात कळतं. स्टीअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, मागचा भाग त्याच्या मागोमाग येतो, मधे डुलणं नाही. १एलईमध्ये चुंबकीय शॉक ॲब्सॉर्बर येतात. आतल्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात, वीज सोडली की तेल घट्ट होतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. खड्डा आला तर मऊ, वळण आलं तर कडक.

आणि उष्णता. टेक्सासमध्ये ३८ अंशांच्या उन्हात वीस मिनिटं गाडी पिळायची म्हणजे तेलाचा काटा चढतो. एसएसला इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) तिन्हींच्या तेलाचे कूलर कंपनीतूनच येतात. मी गाडी बाहेर काढते तेव्हा टायरला रबराचे काळे गोळे चिकटलेले असतात, बोट लावलं तर चटका बसतो, पण काटा जागेवर असतो. माझ्याबरोबर येणाऱ्या साध्या जीटीवाल्यांना मधेच वेग कमी करून गाडी गार करावी लागते. नंदू, मस्टँग घेणार असशील तर परफॉर्मन्स पॅकेजवालीच घे. मोठा रेडिएटर, पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक आणि टॉर्सन डिफरन्शियल मिळतं. ते नसेल तर ती अर्धी गाडी आहे.

कॅमॅरोचा दोषही सांगते. बाहेरचं दिसत नाही. खिडक्या म्हणजे पत्रपेटीची फट. पहिले दोन महिने मी लेन बदलताना श्वास रोखून धरायचे.

हेमीप्रेमी

रेवतीताई, ट्रॅकवर तुम्ही पुढे, मान्य. पण मी दोन वर्षांपूर्वी ब्रॅम्प्टनहून हॅलिफॅक्सला गेलो, जवळपास १,८०० किलोमीटर, मागच्या सीटवर दोन मोठी मुलं. उतरलो तेव्हा कुणाची पाठ दुखत नव्हती. चॅलेंजरमध्ये पाच माणसं बसतात, कॅमॅरोच्या मागच्या सीटवर दप्तर बसतं. हाही परफॉर्मन्सच आहे, त्याचं एकक फक्त कुणी ठरवलं नाही.

रेवती_टेक्सास

हे पटलं. दप्तराबद्दल तर पूर्णच पटलं.

इंजिनिअर_बाबू

मला तिघींच्या इंजिनांतला फरक जास्त मोह घालतो. कोयोटीला चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि ते ७,५०० आरपीएमपर्यंत गात जातं. एलटी-१ आणि हेमी अजून जुन्या पुशरॉड पद्धतीच्या, कॅमशाफ्ट एकच, पोटात. लोक त्याला मागासलेलं म्हणतात. पण डोक्यावर कॅमशाफ्ट नसल्यामुळे ६.२ लिटरचं इंजिन आकाराने ५ लिटरच्या कोयोटीपेक्षा आटोपशीर बसतं, वजन खाली राहतं. रेवतीताईंची गाडी चटकन वळते त्यात याचाही हात आहे.

चालवताना फरक असा: हेमी खालपासून ढकलते, एलटी-१ खालपासून ढकलते आणि ढकलत राहते, कोयोटी ४,००० नंतर जागी होते आणि मग थांबूच नये असं वाटतं. ज्याला गिअर खेळवायला आवडतात त्याने मस्टँग घ्यावी.

आणि वैऱ्यांची एक गंमत. मस्टँग आणि कॅमॅरोत जो दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो, तो फोर्ड आणि जनरल मोटर्सने एकत्र बसून बनवलाय. इकडे त्यांचे भक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

पर्वतीकर

पुण्यातून. फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग जीटी भारतात आणली, ६५ लाखांना, उजव्या हाताला स्टीअरिंग. इथे इंजिन ४०१ पीएसचं होतं. माझ्या मित्राने घेतली, आजही जपून ठेवलीय. त्याच्या शेजारी बसून एकदा एक्स्प्रेसवेला गेलो होतो. मला आठवतो तो वेग नव्हे. घरी परतताना गल्लीतला गतिरोधक आला तेव्हा त्याने गाडी पूर्ण थांबवली, तिरकी केली, एकेक चाक अंगठ्यावर चालल्यासारखं वर चढवलं. शेजारचे आजोबा चष्मा सावरत बघत उभे. म्हणाले, "अहो, घोडा लावलाय समोर आणि चालवताय बैलगाडी." आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

अवांतर_आत्माराम

अवांतर: नंदू कुठे गेला? धागा काढून माणूस पसार.

नोव्हीचा_नंदू

आहे, आहे. रोज वाचत होतो. तीन आठवडे सगळे शनिवार गाड्या बघण्यात गेले. आता सविस्तर लिहितो.

तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने चालवल्या, बायकोला बरोबर घेऊन.

चॅलेंजर: हेमीप्रेमी, तुमचं अक्षर न् अक्षर खरं. बसल्यावर उठावंसं वाटत नाही. रॅम्पवरून हायवेला लागताना पाय दिला आणि बायको म्हणाली, "या गाडीला मागून कुणीतरी ढकलतंय." वळणाच्या रॅम्पवर मात्र वजन कळलं, बाहेरच्या बाजूला झुकते आणि झुकून राहते.

कॅमॅरो: तिघींत सगळ्यात चांगली गाडी हीच. इतकी चांगली की शंभर यार्डांत कळतं. पण बायकोची उंची पाच फूट एक इंच. सीट पूर्ण वर घेतली तरी तिला उजवीकडचा फुटपाथ दिसेना. तिनेच दार उघडून खाली बघितलं आणि म्हणाली, "नको, ही मला चालवता येणार नाही." ही गाडी एकट्या माझी असणार नाही, हे मी आमच्या चर्चेत विसरलोच होतो.

मस्टँग: २०१९ ची, परफॉर्मन्स पॅकेजवाली, मॅन्युअल. रेवतीताईंचा प्रतिसाद मोबाईलवर उघडून ब्रेकवर ब्रेम्बो लिहिलंय का ते बघितलं. बायको नाशिकला मारुती ८०० वर गाडी शिकली. त्यानंतर वीस वर्षांत तिने क्लचवर पाय ठेवलेला नव्हता. ती बसली, सीट पुढे घेतली, क्लच अर्धा सोडून क्षणभर तिथेच धरला आणि इंजिनाचा आवाज किंचित बदलल्यावर पाय उचलला. गाडी लोण्यासारखी निघाली. विकणारा गृहस्थ बघतच राहिला. तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० च्या पुढे काटा गेला तेव्हा ती जी हसली, ते हसू मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

घेतली. निळी.

आणि कुमार, तुझ्या म्हणण्याप्रमाणे गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ड्रॅग स्ट्रिपवर नेली. चिठ्ठी समोर ठेवून लिहितोय. सहा धावा केल्या, उत्तम धाव १३.०४ सेकंद, टोकाचा वेग १११ मैल. ६० फूट २.२१.

क्वार्टरमैल_कुमार

नंदू, अभिनंदन! चिठ्ठी वाचतोय. १११ मैलांचा वेग म्हणजे इंजिन पूर्ण दम देतंय, ही साडेबारा सेकंदांची गाडी आहे. मधला अर्धा सेकंद त्या २.२१ मध्ये अडकलाय. टायर कुठले आहेत? आणि हवा किती गार होती?

नोव्हीचा_नंदू

उन्हाळी मिशेलिन, गाडीबरोबर आलेले. तापमान नऊ अंश होतं, आणि मी चाकं गरम केली नव्हती, सरळ रेषेवर जाऊन उभा राहिलो.

क्वार्टरमैल_कुमार

मग कळलं. गार हवा इंजिनाला मानवते, उन्हाळी टायरला नाही. रबर कडक होतं. पुढच्या वेळी मस्टँगमधला लाइन लॉक वापर, स्क्रीनवरच्या ट्रॅक ॲप्समध्ये आहे. तो पुढचे ब्रेक धरून ठेवतो, मागची चाकं पाण्याच्या जागेच्या थोडी पुढे घेऊन फिरवायची, धूर दिसला की सोडायचं. मागच्या टायरची हवा थोडी कमी करून बघ. आणि पाच अंशांच्या खाली हे टायर रस्त्यावर अजिबात वापरू नकोस, मिशिगनचा नोव्हेंबर आलाच. हिवाळी टायरचा दुसरा जोड आत्ताच बघून ठेव.

वूडवर्डचे_काका

नंदू, पुढच्या ऑगस्टला खुर्ची आणू नकोस. माझ्या शेजारच्या लेनमध्ये ये. सूनबाईंना चालवू दे.

नोव्हीचा_नंदू

काका, तिला वाचून दाखवलं. ती विचारतेय, कुठल्या चौकातून निघायचं?